आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ घरीच दुरुस्त करायचाय, सुरुवात कुठून करू?

नेरूळची_मृ

नमस्कार मंडळी. ठाण्याला चरईत आमचं जुनं घर होतं ते रिडेव्हलपमेंटला गेलं, तेव्हा सामान हलवताना माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा रेडिओ सापडला. आता तो नेरूळला माझ्याकडे आहे. लाकडी कॅबिनेट, पुढे काचेची डायल, चार मोठी बटणं त्यातलं एक निघालेलं, आणि मागचा पुठ्ठा उंदरांनी अर्धा कुरतडलाय. मागचं स्टिकर पार गेलंय आणि पुढची नावाची अक्षरंही कोणीतरी काढलीयत, नुसती खिळ्यांची भोकं आहेत, त्यामुळे कंपनी कुठली ते कळत नाही. आजी म्हणते बाबा कॉलेजात होते तेव्हा शेवटचा वाजला, म्हणजे चाळीस वर्षं तरी बंद असणार.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला तर त्याने मागून जरा डोकावलं आणि म्हणाला आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथ आणि एफएमचं किट बसवून देतो, बाहेरून तसाच दिसेल. मला ते अजिबात नकोय, आतला रेडिओच वाजायला हवाय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, पण व्हॉल्व्ह आम्हाला शिकवलेच नव्हते. एकदा प्लग लावून बघू का काही बोलतोय का? व्हॉल्व्ह अजून मिळतात का कुठे? आणि मागे पीयू लिहिलेली दोन भोकं आहेत, ती रेकॉर्ड प्लेयरसाठी असतात असं वाचलं, तर तिथे वायरने मोबाइल जोडता येईल का?

घोडबंदर_अमोल

ताई सरळ प्लग अजिबात लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेला फिल्टर कंडेन्सर आतून सुकलेला असतो, त्याच्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की तो तरी फुटतो नाहीतर रेक्टिफायर म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह घेऊन जातो. आधी सिरीज बोर्ड बनवा, होल्डरमध्ये साधा पिवळा फिलामेंटचा बल्ब लावून त्यातून रेडिओला सप्लाय द्यायचा. एलईडी बल्ब चालत नाही, त्याने काहीच कळणार नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि रेडिओ वाचेल. त्याआधी पेंटिंगच्या सुक्या ब्रशने धूळ काढा, आणि चॅसीला म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला थ्री पिनची अर्थिंग जोडून घ्या म्हणजे शॉकची भीती नाही.

नौपाड्याचे_काका

अमोलचं सिरीज बोर्डचं म्हणणं अगदी बरोबर, पण अर्थिंगचं जरा थांबा. बाळ, आधी एक काम कर. प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर नंबर छापलेला असतो तो इथे लिही. अक्षरं पुसट असतील तर बोटाने घासू नकोस, लगेच जातात, तोंडाची वाफ दे आणि टॉर्च तिरपा धरून वाच, दिसतात. नंबर कळल्याशिवाय पुढचं काही सांगणं धोक्याचं आहे.

आणि किट बसवायचं नाही ठरवलंस ते फार बरं केलंस. आपल्या ठाण्याचं आणि रेडिओचं नातं जुनं, मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, फिलिप्सचा कळव्याला, त्या गोबऱ्या मर्फी बाळाचं कॅलेंडर तर घराघरात असायचं. असे सेट ज्या गावात बनले त्याच गावात त्यांची पोटं रिकामी करून स्पीकरची खोकी बनवतात, मला ते बघवत नाही.

नेरूळची_मृ

काका वाफेची युक्ती मस्त, सगळे वाचता आले! यूसीएच८१, यूबीएफ८९, यूसीएल८२ आणि यूवाय८५. चारच आहेत. मोठा ट्रान्सफॉर्मर मला कुठे दिसत नाही, फक्त स्पीकरजवळ एक छोटा आहे. एका बाजूला पांढरा सिरॅमिकचा लांब रेझिस्टर आहे, त्याच्या वरची लाकडी फळी थोडी काळी पडलीये.

नौपाड्याचे_काका

मला हीच शंका होती. आता नीट वाच, इथे घाई नको.

चारही नंबर यू ने सुरू होतात. पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं असतं. ई असतं तर ६.३ व्होल्टचे हीटर, आत मेन्स ट्रान्सफॉर्मर, आणि चॅसी बहुतेक लाइटपासून वेगळी. यू म्हणजे १०० मिलिअ‍ॅम्पियरचे हीटर, सगळे एकामागे एक सिरीजमध्ये, थेट लाइटवर. याला एसी/डीसी सेट म्हणतात. तेव्हा काही शहरांत डीसी सप्लाय होता, कलकत्त्यात तर होताच, तिथेही चालावा आणि ट्रान्सफॉर्मरचा खर्चही वाचावा म्हणून असे सेट बनायचे. पण याचा अर्थ असा की तुझ्या रेडिओची पत्र्याची चॅसी लाइटच्या एका वायरला सरळ जोडलेली आहे. दोन पिनचा प्लग उलटा गेला की अख्ख्या चॅसीत फेज. बटण बंद असलं तरीसुद्धा, कारण बटण एकच वायर तोडतं आणि ती नेमकी न्यूट्रल असू शकते.

म्हणून या सेटच्या चॅसीला अर्थिंग कधीच जोडायची नाही. प्लग उलटा पडला तर फेज सरळ अर्थला जाईल, एमसीबी पडेल किंवा वायर जळेल.

जे बटण निघालंय त्याच्या दांड्याला बोट लावू नकोस, तो दांडा चॅसीचाच. बाकीची बटणं बाजूने बघ, बारीक स्क्रू खोल भोकात असेल आणि वर मेण भरलेलं असेल. ते मेण कंपनीने मुद्दाम भरलेलं, स्क्रूला बोट लागू नये म्हणून. काढलंस तर परत भर. तळाला चॅसी धरून ठेवणारे चार स्क्रू असतात तेही तसेच, ते वरून झाकलेले हवेत.

मोबाइलचं उत्तर यातच आलं. पीयूच्या भोकात वायर घालून मोबाइल जोडलास तर जो मोबाइल हातात धरेल त्याच्या हातात मेन्स येऊ शकते. अशा सेटला ट्रान्सफॉर्मरशिवाय मोबाइल वायरने जोडायचा नाही, कोणी काहीही सांगो.

काम करायचं असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घे, २३० आत २३० बाहेर, १०० व्हीए भरपूर झाला कारण सेट चाळीस-पन्नास वॅट खातो. लॅमिंग्टन रोडला वाइंडिंगवाले करून देतात, सांगताना दोन वेगळी वाइंडिंग असं स्पष्ट सांग. कॉलेजच्या लॅबमध्ये व्होल्टेज कमीजास्त करणारा गोल डिमरस्टॅट असायचा बघ, तो आयसोलेशन नाही, त्यात एकच वाइंडिंग असतं. सिरीज बोर्डही आयसोलेशन नाही. हा गैरसमज फार लोकांचा असतो. आणि ट्रान्सफॉर्मर लावला म्हणजे कुठेही हात लावायला मोकळे असंही नाही, आत दोनशेच्या वर डीसी असतो आणि आयसोलेशनच्या पलीकडे ईएलसीबी, म्हणजे शॉक बसला की लाइट तोडणारा स्विच, तुला वाचवत नाही. एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल, आणि घरात कोणीतरी मोठं माणूस असताना काम करायचं.

घोडबंदर_अमोल

यू सिरीज असेल तर काकांचंच ऐका, अर्थिंग नाही. माझं म्हणणं ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटसाठी होतं.

सानपाडा_शॉर्टवेव्ह

काकांनी सेफ्टीचं सांगितलं, मी जरा सर्किटचं सांगतो. मृताई, हे हीटर दिवाळीच्या जुन्या माळेसारखे असतात, एक गेला की सगळे अंधारात. त्यामुळे प्लग न लावताच अर्धं निदान होतं. व्हॉल्व्ह हळूच वर ओढून काढा, सरळ ओढा, हलवत हलवत नाही, काच पिनांपाशी तडकते. मग पिन ४ आणि ५ मधला रेझिस्टन्स मोजा, या चारही व्हॉल्व्हचे हीटर याच पिनांवर येतात. पिना खालून बघून मोठ्या गॅपपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. यूसीएच८१ आणि यूबीएफ८९ चे हीटर १९-१९ व्होल्टचे, यूसीएल८२ चा ५० चा आणि यूवाय८५ चा ३८ चा. बेरीज १२६. उरलेले शंभर-एक व्होल्ट तो पांढरा सिरॅमिक रेझिस्टर खातो, १०० मिलिअ‍ॅम्पियरला ते हजार-अकराशे ओहम आणि दहा वॅटची उष्णता होते, म्हणून वरची फळी काळी पडलीये, ते नेहमीचंच. गरम असताना १९ व्होल्टवाल्याचा रेझिस्टन्स १९० ओहम होतो, थंड असताना त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा दिसेल. मीटरने ओपन दाखवलं तर तो व्हॉल्व्ह गेला.

आता कंडेन्सर. सगळे एका दिवसात बदलायच्या मागे लागू नका, एकेक काढा, नवा लावा, फोटो काढा. पण पहिल्यांदा लाइट देण्याआधी तीन ठिकाणी नवे कंडेन्सर लागलेच पाहिजेत.

एक, मेन्सच्या दोन वायरींमध्ये असलेला, तिथे एक्स२ प्रकारचा २७५ व्होल्ट एसी छापलेलाच घ्या. दुसरा मोठा अ‍ॅल्युमिनियमचा फिल्टर कंडेन्सर, ज्यात बहुतेक ५० अधिक ५० मायक्रोफॅरड असतात. २३० एसीचं शिखर ३२५ व्होल्ट होतं आणि आपल्याकडे कधी कधी २४५ पर्यंत लाइट येते, म्हणून ३५० व्होल्टचा घेऊ नका, ४७ मायक्रोचे ४५० व्होल्टचे दोन घ्या. जुना डबा दिसायला जागेवर ठेवा पण त्याच्या वायरी सोडवा, जुन्याला समांतर नवा जोडायचा नाही. नवे खाली टॅग स्ट्रिपवर बसवा.

आणि तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, यूसीएल८२ च्या पिन ३ कडे येणारा कपलिंग कंडेन्सर. पिन ३ म्हणजे आउटपुट पेंटोडची, स्पीकर चालवणाऱ्या भागाची ग्रिड, करंट ताब्यात ठेवणारी जाळी. बहुतेक ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोचा, डांबरासारख्या काळ्या कोटिंगचा कागदी कंडेन्सर असेल. आपल्या दमट हवेत या कागदाला ओल लागते आणि तो लीक होतो, लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह भसाभस करंट ओढतो, लालभडक होतो आणि स्पीकरजवळचा तो छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह शोधून मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर त्याच मापाचा मिळणं कठीण. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलिनचा लावा, वर १०३ म्हणजे ०.०१ आणि २२३ म्हणजे ०.०२२.

एरियल आणि अर्थच्या भोकांमागे चॅसीपासून वेगळं ठेवणारे छोटे कंडेन्सर असतात तेही बदला, तिथे वाय प्रकारचे लागतात आणि व्हॅल्यू आहे तेवढीच, जास्त नाही. एरियलच्या वायरीत करंट येऊ न देणारे तेवढेच आहेत.

एक विनंती, आयएफच्या, म्हणजे स्टेशन निवडणाऱ्या कॉइलच्या डब्यांमधले स्क्रूसारखे गाभे फिरवू नका. आवाज कमी आला की पहिली खाज तिथेच सुटते. ते जिथे आहेत तिथे कंपनीने बसवलेले आहेत, सिग्नल जनरेटरशिवाय हात लावला की सेट बहिरा होतो.

ऐरोली_लाकूडकाम

मला व्हॉल्व्हचं कळत नाही पण कॅबिनेटचं कळतं. आधी वाळवी बघा, तळाच्या फळीवर नखाने टकटक करा, पोकळ आवाज आला तर आतून खाल्लेली असते. व्हिनियर सुटलं असेल तर फेविकॉल सिरिंजने आत सोडून वर बटर पेपर ठेवा आणि वजन द्या. पॉलिश पेपर मारू नका प्लीज, जुनं व्हिनियर खूप पातळ असतं, दोन हातांत आरपार. जुनं पॉलिश बहुतेक लाखेचं असतं, स्पिरिटच्या बोळ्याने परत एकजीव होतं, चपटी लाख आणून फ्रेंच पॉलिशचे पातळ हात दिले की रंग आतून उजळतो, पण त्यावर ग्लॉसी पॉलियुरेथेन मारलं तर ते नव्या कपाटासारखं दिसतं.

डायलची काच मात्र पुढूनच पुसा. मागच्या बाजूला गावांची नावं आणि मीटरचे आकडे छापलेले असतात, तिथे साबण किंवा स्पिरिट लागलं की कोलंबो, सिलोन सगळं धुऊन जाईल, नुसता मऊ सुका ब्रश.

नेरूळची_मृ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट सांगाल असं वाटलं नव्हतं.

आत्तापर्यंत झालं ते सांगते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडला करून घेतला. हीटर मोजले तर यूसीएल८२ ओपन, बाकी तिन्ही ठीक. नवा यूसीएल८२ शोधायला वेळ लागला, दुकानात सगळे यूसीएल ऐवजी ईसीएल८२ पुढे करत होते, तोच नंबर आहे म्हणून. मी पिना बघितल्या तर सारख्याच आहेत पण हीटर वेगळा, मग घेतला नाही. शेवटी चोर बाजारात एका जुन्या रेडिओच्या सामानात मिळाला, तिथेच मीटरने हीटर मोजून घेतला. सांगितलेले तिन्ही कंडेन्सर आणि एरियल अर्थचे बदलले.

काढलेला कपलिंग कंडेन्सर हातात घेऊन बघितला, एका टोकाला डांबर फुगून चीर पडली होती आणि त्यातून तेलकट कागदाची कड बाहेर आली होती. हा तसाच ठेवून प्लग लावला असता तर काय झालं असतं ते लगेच कळलं.

मग १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केलं. बल्ब आधी जोरात पेटला, मग मंद झाला, आणि चारही व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड आला. बल्ब काढल्यावर मेन डीसी २१२ व्होल्ट, पिन ३ वर शून्य, पिन २ म्हणजे कॅथोडवर साडेबारा. हे बरोबर आहे ना? घूं असा आवाज नाही. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येते, बॅण्ड स्विच दाबून धरला तरच मीडियम वेव्ह लागतं आणि स्टेशनापेक्षा टररर असा आवाजच जास्त आहे. आजी बाजूला बसलेली, तिला डायलवर सिलोन वाचता आलं आणि तिने मला विचारलं बुधवारची बिनाका गीतमाला अजून लागते का.

सानपाडा_शॉर्टवेव्ह

आकडे अगदी हवे तसे आहेत. पिन ३ शून्य आहे म्हणजे नवा कपलिंग पक्का, आणि कॅथोडवर अकरा ते सोळाच्या मधे काहीही आलं तरी या व्हॉल्व्हला ते नॉर्मल आहे. अर्धा तास चालवून परत मोजा, गरम झाल्यावर पिन ३ वर काही चढत नाही ना ते बघायचं. ईसीएल८२ नाकारलात ते फार योग्य, त्याचा हीटर ६.३ व्होल्ट आणि ७८० मिलिअ‍ॅम्पियरचा, १०० मिलिअ‍ॅम्पियरच्या माळेत तो गरमच झाला नसता आणि त्याच्या वाटचं व्होल्टेज बाकीच्या हीटरवर गेलं असतं. यूवाय८५ म्हणजे तुमचा रेक्टिफायर कधी गेला तर त्याच्या जागी नुसता डायोड टाकायला कोणी सांगेल, तेही तसंच, ३८ व्होल्टचा हीटर माळेतून कमी होतो, त्याच्या जागी ३८० ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर टाकावाच लागतो आणि डीसीसुद्धा वाढतो.

बॅण्ड स्विचला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे अगदी थोडा, प्लग काढून, आणि मग स्विच खूप वेळा फिरवा. गंज काढायचं तेल मारू नका, स्विचच्या तपकिरी पट्ट्या ते पितात. व्हॉल्यूमच्या पॉटलाही, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरलाही तोच स्प्रे, बाजूच्या फटीतून.

नौपाड्याचे_काका

शाबास बाळ. टररर आवाज बहुतेक रेडिओचा नाही, घराचा आहे. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी, वायफायचा अडॅप्टर हे सगळे मीडियम वेव्हवर ओरडतात. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घे, मीडियम वेव्हला लाव आणि घरभर फिर, ज्या वस्तूजवळ टररर वाढतो ती सापडेल. मग डायलवर ५३७ मीटरपाशी म्हणजे ५५८ किलोहर्ट्झला, आणि २८७ मीटर म्हणजे १०४४ ला जाऊन बघ, या मुंबई आकाशवाणीच्या जागा. आधी त्याच ट्रान्झिस्टरवर तिथे काय लागतं ते ऐक, म्हणजे तुझ्या सेटकडून काय अपेक्षा करायची ते कळेल. ट्रान्झिस्टरवर येतं आणि याच्यावर येत नाही असं असेल तरच अलाइनमेंटचं, म्हणजे ते आयएफचे गाभे जुळवायचं बघू, मी नौपाड्यातच आहे, जनरेटर आहे माझ्याकडे, घेऊन ये.

एरियल म्हणून सात-आठ मीटर प्लास्टिकची वायर बाल्कनीत आडवी बांध, ग्रिलला चिकटवू नकोस. पावसाळ्यात वीज कडकडायला लागली की ती वायर भोकातून काढून ठेवायची. आजींना सांग, गीतमाला आता लागत नाही, पण शॉर्टवेव्हला संध्याकाळी कान लावला तर काही ना काही मिळतं, पंचवीस आणि एकेचाळीस मीटरच्या पट्ट्यात बघ.

आणि मागचा पुठ्ठा. तो अर्धा कुरतडलेला आहे म्हणालीस. आजी शेजारी बसते तर तो पूर्ण झाल्याशिवाय सेट तिच्या खोलीत न्यायचा नाही. भोकांचा हार्डबोर्ड मिळतो, जुना वर ठेवून पेन्सिलने आखून काप, रेझिस्टरच्या समोर भोकं यायला हवीत, आणि एरियलच्या जागी फक्त सॉकेट बाहेर येईल एवढंच भोक. निघालेल्या बटणाच्या दांड्यावर नवं बटण बसेपर्यंत रबरी स्लीव्ह चढव. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कायम लावून ठेवणार असशील तर फार उत्तम, पण तरीही पुठ्ठा लागणारच.

नेरूळची_मृ

काका, टररर सापडला! हॉलमधल्या एलईडी पट्टीचा अडॅप्टर होता, तो बंद केला की अर्ध्याहून जास्त आवाज गेला. हार्डबोर्ड या शनिवारी आणते आणि बटणासाठी परत चोर बाजार. अलाइनमेंटसाठी पुढच्या रविवारी नौपाड्याला आले तर चालेल का?

नौपाड्याचे_काका

ये की. अकराच्या आत ये, दुपारी आमच्याकडे लाइट जाते. व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळ, रिक्षात सेट मांडीवर घे.